बागकामाच्या धंद्यासाठी 'एक इंजिन, चार जोड' घ्यावं का? घ्यायचं तर काय बघून?

कुंपणकात्री

नमस्कार मंडळी. पुण्यात बाणेर-बालेवाडी पट्ट्यात सात सोसायट्यांच्या बागांची वार्षिक देखभाल आहे. माणसं तीन, टेम्पो एक. कामं अशी: लॉनच्या कडा आणि मोकळ्या जागेतलं गवत, कडू मेंदी व ड्युरांटाची साधारण साडेचारशे मीटर कुंपणं, पावसाळ्याआधी खालच्या फांद्या उतरवणं, वाफे भुसभुशीत करणं. प्रत्येक कामाला वेगळं मशीन घेतलं तर टेम्पोत कुंड्या ठेवायला जागा उरत नाही. म्हणून मधून सुटणाऱ्या दांड्याचं, म्हणजे एका इंजिनाला वेगवेगळे जोड लावायचं मशीन डोक्यात आहे.

महिन्याचे तास लिहून काढले आहेत. नायलॉन दोरीने गवत कापणं ५५ ते ६०, हेज (कुंपण छाटणं) ३० ते ३५, फांद्या ४ ते ५ (मे-जूनमध्ये दुप्पट), कल्टिव्हेटर (वाफे भुसभुशीत करणारा जोड) ३ ते ४.

प्रश्न तीन. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? ऑनलाइन मिळणारा 'पाच-इन-एक' संच धंद्यात टिकतो का? आणि बॅटरीवर जाण्याइतकी वेळ आली आहे का?

इंजिनवाला_काका

तास लिहिलेत हे बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. जे काम महिन्याला ६० तास आहे ते जोडाच्या मशीनवर टाकू नका. त्याला एकसंध दांड्याचा साधा ब्रश कटरच (फक्त गवत कापायचं मशीन) हवा. जोड बदलायला दोन मिनिटं लागतात हे खरं, पण तुमची माणसं तीन आहेत. एक गवत काढत असताना दुसरा हेज धरणार, तेव्हा एकच इंजिन दोघांत कसं वाटणार? आणि ते इंजिन बंद पडलं की चारही कामं बंद.

जोडाचं मशीन हेज, फांद्या आणि वाफे यांच्यासाठी घ्या. एकूण चाळीसेक तास होतात, तेवढं ते आरामात झेलतं. दोरीचं डोकंही सोबत घेऊन ठेवा, पण ते फक्त मुख्य कटर सर्व्हिसला गेला तर.

ब्लोअरचा जोड घेऊ नका. लांब दांड्याच्या टोकाला बसवलेला पंखा कोरडी पानं सरकवतो, ओला गुलमोहोराचा पाला जागचा हलत नाही. पाला उडवायला वेगळा ब्लोअर.

गिअरग्रीस

काकांशी सहमत. आता मशीन निवडताना बघायचं काय, तर सगळ्यात आधी इंजिन नाही, दांड्याचा सांधा. जाहिरातीत सीसी आणि एचपी मोठ्या अक्षरात असतात, सांध्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि जोडाची मशीनं मरतात ती तिथेच.

सांध्यात तीन गोष्टी असतात. बाहेरच्या दोन नळ्या एकमेकींत बसवून धरणारी पकड, नळी फिरू नये म्हणून भोकात येऊन बसणारी स्प्रिंगची खिट्टी, आणि आत फिरणाऱ्या दोन रॉडना जोडणारं दातेरी किंवा चौकोनी टोक. जोड लावायची पद्धत अशी: इंजिन बंद, मशीन जमिनीवर आडवं. दोन्ही टोकं कोरड्या फडक्याने पुसा, गवताचा चोथा आत राहिला तर पुढचं सगळं बिघडतं. नॉब सैल करा, खिट्टी दाबून जोड आत सरकवा. शेवटचा एक-दीड सेंटीमीटर अडला तर जोर लावू नका, टोकाचं डोकं हाताने थोडं फिरवा, आतले दाते जुळले की जोड आपोआप आत जातो. (हेज किंवा करवतीचा जोड असेल तर पात्यावर म्यान चढवलेलं असू द्या.) मग नळी डावी-उजवी हलवा, खिट्टी 'टक' करून भोकातून पूर्ण वर आली पाहिजे. ती वर आल्यावरच नॉब आवळा.

खिट्टी अर्धवट वर आलेली असताना नॉब आवळला तरी मशीन चालतं, म्हणूनच फसगत होते. आतला रॉड अर्ध्याच दात्यांवर फिरतो. काही तासांत दात्यांचे कोपरे गोल होतात, मग रेस दिली की इंजिन ओरडतं आणि पुढचं डोकं थांबतं. लोक क्लच गेला समजून क्लच बदलतात.

दुकानात तपासायचं तर जोड लावून पुढचं टोक हातात धरा आणि वर-खाली, मग पिळ्यासारखं हलवा. पिळल्यावर नळी जरासुद्धा फिरत असेल तर खिट्टीचं भोक मोठं आहे किंवा खिट्टी मऊ लोखंडाची आहे. नव्या मशीनमध्येच असं असेल तर ते घेऊ नका.

तालुका_स्पेअर

ब्रँडवाल्यांचं ठीक आहे, पण 'पाच-इन-एक'ला एवढं नाक मुरडायची गरज नाही. ५२ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आता इतकं पसरलंय की कार्बोरेटर, क्लच, स्टार्टरची दोरी, सिलिंडर-पिस्टन संच कुठल्याही तालुक्याच्या गावात शेती अवजारांच्या दुकानात मिळतो. मोठ्या कंपनीचा भाग मागवायला चार-आठ दिवस लागले तर त्या दिवसांची मजुरी कोण देणार? भाग स्वस्त, मिस्त्री कोपऱ्यावर. हाही विश्वासार्हपणाच.

गिअरग्रीस

इंजिनाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. जोडांबद्दल नाही. या संचांत नळी कधी २६ मिलिमीटरची, कधी २८ची. आतल्या रॉडला कधी ७ दाते, कधी ९. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून भाग आणायला जाताना जुना तुकडा सोबत न्या, फोनवर '५२ सीसीचं गिअरहेड (दांड्याच्या टोकाचं गिअरचं डोकं) द्या' असं सांगू नका. ७ दात्यांच्या रॉडला ९ दात्यांचं गिअरहेड बसत नाही, आणि ठोकून बसवलं तर दुसऱ्या दिवशी दोन्ही फेकायचे.

शिवाय या संचातला हेजचा आणि करवतीचा जोड सगळ्यात कच्चा असतो. ५२ सीसीची ताकद आणि पोकळ डायकास्टचं गिअरबॉक्स यांचं जमत नाही. कुणाला घ्यायचाच असेल तर इंजिन आणि दोरीचं डोकं धंद्याला वापरा, बाकीचे जोड घरच्या परसासाठी.

नवखा_माळी

मग धाग्याचा पहिला प्रश्न सोपा आहे की. फोर-स्ट्रोक किंवा फोर-मिक्स घ्या, दोन्हींत ऑइल मिसळायची कटकट नाही.

इंजिनवाला_काका

थांबा, थांबा. ही चूक इंजिन खाते. कृपया हा प्रतिसाद वाचूनच पुढे जा.

फोर-स्ट्रोक, उदाहरणार्थ होंडाचं जीएक्स-३५: ३५.८ सीसी, खाली ऑइलची वेगळी टाकी, त्यात फक्त १०० मिलिलिटर ऑइल. टाकीत साधं पेट्रोल. याच घराण्यातलं जीएक्स-२५ असेल तर ऑइल ८० मिलिलिटर.

फोर-मिक्स, म्हणजे श्टीलचं केएम १३१ वगैरे: यातही व्हॉल्व्ह आहेत, चालतं चार स्ट्रोकवर, पण ऑइलची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच आतल्या बेअरिंगला आणि पिस्टनला मिळतं. त्यात साधं पेट्रोल घातलं तर पहिल्याच टाकीत पिस्टन धरला जाईल. मिश्रण ५०:१, टू-स्ट्रोकसारखंच.

हिशोब पाठ करा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पाच लिटरच्या कॅनला १००. २५:१ म्हणजे लिटरला ४०, पाच लिटरला २००. स्वस्त इंजिनांच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा २५:१ असतं, तिथे शहाणपणा करून ५०:१ करू नका. ऑइल हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं, डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलची प्रत) लिहिलेलं. मोटारीचं इंजिन ऑइल चालत नाही.

तीन माणसं आणि दोन प्रकारची मशीनं असतील तर दोन रंगांचे कॅन घ्या. लाल कॅन मिश्रणाचा, पांढरा साध्याचा, आणि तोच रंग मशीनच्या टाकीच्या झाकणाला मारा. मिश्रण फोर-स्ट्रोकमध्ये गेलं तर धूर आणि काळा प्लग, एवढ्यावर निभावतं. उलटं झालं तर इंजिन गेलं.

तुमच्या कामाला निवड अशी: रोजच्या गवताला ३५ सीसी फोर-स्ट्रोक. आवाज कमी, सोसायटीत तक्रार कमी. पण त्याला वंगणाची शिस्त हवी. नवीन असताना पहिल्या १० तासांनी ऑइल बदला, मग दर ५० तासांनी. तुमच्या हिशोबाने म्हणजे जवळजवळ दर महिन्याला. १०० मिलिलिटरमधून २० कमी झालं तरी ते पाचवा हिस्सा असतं, म्हणून रोज सकाळी मशीन सपाट ठेवून पातळी बघायची. ३०० तासांनी व्हॉल्व्हची फट: आत घेणारा ०.०८, बाहेर टाकणारा ०.११ मिलिमीटर, इंजिन गार असताना. चालू व्हायला दोरी पंधरा वेळा ओढावी लागायला लागली की आधी हे बघा.

रॉकेल_रिटर्न्स

पेट्रोलचा मुद्दा कुणीच काढला नाही अजून. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. या छोट्या इंजिनांची बहुतेक माहितीपत्रकं १० टक्क्यांपर्यंतचंच बोलतात. घेण्याआधी डीलरकडून तुमच्या मॉडेलला किती चालतं ते लेखी विचारा.

इथेनॉल ओढतं हवेतलं पाणी, आणि पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन शेडमध्ये पडला की त्याला भरपूर हवा मिळते. पाणी पुरेसं जमलं की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो, पेट्रोल आणि त्यातलं टू-टी ऑइल वर तरंगतं. टाकीतला फिल्टर वजनाने तळाशी पडलेला असतो. तो नेमका खालचा, बिनऑइलचा थर ओढतो. 'ऑइल घातलं होतं तरी पिस्टन धरला' हे असं होतं.

म्हणून आठवड्याला पुरेल तेवढंच मिश्रण करा. काचेच्या बाटलीत थोडं काढून उन्हात धरा, खाली रेघ दिसली तर ते इंजिनात घालायचं नाही. मशीन पंधरा दिवसांहून जास्त बसणार असेल तर टाकी रिकामी करा, प्रायमरचा फुगा (पेट्रोल ओढायला बोटाने दाबायचा तो) दाबून उरलेलं काढा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवा. फुगा, इंधनाच्या नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदा या तीन गोष्टी इथेनॉलने आधी कडक किंवा फुगीर होतात. त्यांचा एक संच टेम्पोत असू द्या.

कुंपणकात्री

फार उपयोगी. एक विचारतो. कामावर मशीन अडलं की मुलं सरळ कार्बोरेटर खोलतात. कुठल्या लक्षणावर आधी काय बघायचं, हे कुणी सांगेल का?

रॉकेल_रिटर्न्स

कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

दहा मिनिटं चालतं, मग मरतं, थोडा वेळ थांबलं की परत चालू होतं: टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येत नाही.

आयडलला नीट, रेस दिली की गुदमरतं: आधी एअर फिल्टर, मग टाकीतला फिल्टर, मग सायलेन्सरची जाळी. टू-स्ट्रोक आणि फोर-मिक्समध्ये ही जाळी काजळीने भरते. काढून तारेच्या ब्रशने साफ केली की निम्मी मशीनं सुधारतात. हे तिन्ही ठीक असेल तरच कार्बोरेटरचा पडदा.

फुगा दाबला तरी भरत नाही: नळीला चीर. नळ्या उलट्या लावल्या तरीही हेच होतं, आणि हे कार्बोरेटर खोलणाऱ्या मुलांकडूनच होतं.

आयडललाच पातं फिरतं: आयडलचा स्क्रू थोडा सोडा. तरी फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे. असं मशीन हेज किंवा करवतीचा जोड लावून वापरू नका, अजिबात.

हिरवीभिंत

हेजच्या जोडाबद्दल मी लिहिते, साडेचारशे मीटर म्हणजे तुमचं खरं काम तेच आहे.

डोकं वाकणारा जोड घ्या. कोन बदलता येतो म्हणून कुंपणाचा माथा जमिनीवर उभं राहून कापता येतो, शिडी लागत नाही. सरळ डोक्याचा जोड स्वस्त असतो, पण कंबरेच्या उंचीचं कुंपण त्याने सपाट होत नाही, लाटा येतात. पात्याची लांबी ५० ते ६० सेंटीमीटर पुरे. त्याहून लांब घेतलं तर टोकाचं वजन मनगटावर येतं.

रेस पूर्ण द्या आणि मगच पातं झाडीत घाला. अर्ध्या रेसवर कापायची सवय फार दिसते, 'हळू चालवलं की मशीन टिकतं' या समजुतीने. उलट आहे. अर्ध्या रेसवर क्लच पूर्ण धरत नाही, घसरतो, तापतो, त्याची घंटी निळी पडते.

कडू मेंदी आणि ड्युरांटाचा रस पात्यावर वाळून डिंकासारखा बसतो, फायकसचा चीक तर विचारू नका. रोज संध्याकाळी, इंजिन गार झाल्यावर आणि प्लगची टोपी काढून ठेवून, केरोसीन किंवा डिझेलच्या बोळ्याने पुसा आणि वरून शिलाई मशीनचं पातळ ऑइल. घट्ट ग्रीस पात्यांमध्ये भरू नका, त्यात धूळ बसून ती सहाणेसारखी पात्यांना खाते.

दोन पात्यांमधली फट सैल झाली की पानं कापली न जाता चुरगळतात आणि दोन दिवसांत कुंपणाची वरची कड तपकिरी होते. ग्राहकाला वाटतं झाडं वाळली. पात्यावरचे स्क्रू पूर्ण आवळा, मग पाव आटा मागे सोडा, आणि तसाच धरून खालचा नट घट्ट करा. पूर्ण आवळून ठेवलं तर पातं तापून निळं होईल. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा आणि बोट न लावता जवळ हात नेऊन बघा, पातं कोमट असावं, भाजेल इतकं नाही.

अजून एक. मोटारसायकलसारखं हँडल हेजच्या जोडाला नडतं, वळवताना पोटाला लागतं. जोडाच्या मशीनला बंद कडीचं हँडल घ्या.

काजूबाग_रत्नागिरी

कडीच्या हँडलवरून आठवलं. कोकणात बेणणीला (बागेतलं रान साफ करायला) लोक त्याच मशीनला लोखंडी गोल पातं लावतात. कडीचं हँडल असेल तर किमान पुढे पाय अडवणारा दांडा हवा, आणि दातेरी करवतीचं पातं तर दोन हातांच्या हँडलशिवाय लावूच नये. पातं दगडाला किंवा बुंध्याला आपटलं की मशीन बाजूला उडतं, कडीच्या हँडलवर ते अडवायला काही नसतं.

पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो. घड्याळाच्या दिशेने सुटतो. नवीन माणूस जोर लावून तोच अजून आवळतो आणि मग आटे जातात. भोक बघून पातं घ्या, काही मशीनना २५.४ मिलिमीटरचं लागतं, काहींना २०चं. वॉशर घालून मोठ्या भोकाचं पातं बसवायचं नाही.

तालुका_स्पेअर

सोसायटीत लोखंडी पात्याचा प्रश्नच नको. दोरीचंच डोकं. पण दोन सवयी मोडा.

पहिली, गार्ड काढून काम करणं. गार्डला एक छोटी सुरी असते, ती दोरी ठरावीक लांबीवर कापते. गार्ड गेलं की दोरी लांब राहते, इंजिनाला ती ओढवत नाही, फेरे कमी होतात, क्लच तापतो. आणि खडे पार्किंगमधल्या काचांवर. माणसं १५ मीटरच्या बाहेर असावीत असं माहितीपत्रकात असतं. सोसायटीत तेवढं अंतर मिळत नाही, म्हणून गाड्यांच्या बाजूने एक माणूस जाळीची चौकट धरून चालवा.

दुसरी, दोरीऐवजी लोखंडी तार किंवा क्लचची केबल. तुटलेला तुकडा गोळीसारखा जातो. कुणी सांगितलं तरी नको.

दोरी: २५ सीसीच्या आसपास २.४ मिलिमीटर, ३५ सीसीला २.७. उन्हात पडलेली नायलॉन दोरी वाळून कडक होते आणि सारखी तुटते. आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, फरक लगेच दिसतो.

झाडावरचा

फांद्यांच्या जोडाबद्दल. आधी कागद: शहरात झाड किंवा फांद्या तोडणं १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली येतं, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी सोसायटीने काढायची. ठेकेदाराने नाही. परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय दोरी ओढू नका. आणि फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घ्या. दांडा ॲल्युमिनियमचा असतो, हे लोक विसरतात.

जोड घेताना साखळी कोणती आहे ते विचारा. तीन-अष्टमांश इंची लो प्रोफाइल असेल तर साखळी कुठेही मिळते, कानशी ४ मिलिमीटरची. पाव इंची बारीक साखळी अधिक सफाईने कापते, पण तिला ३.२ मिलिमीटरची कानशी लागते आणि साखळी डीलरकडूनच आणावी लागते.

तेल येतंय का ते रोज बघा. पट्टीचं (साखळी जिच्यावर फिरते तिचं) टोक पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर तेलाचं भोक भुश्याने बुजलंय. इंजिनातून काढलेलं जुनं काळं ऑइल साखळीला घालू नका, त्यातला धातूचा चुरा पट्टीची खाच खातो.

कापताना दांड्याचा कोन जमिनीशी ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे फांदी तुमच्या अंगावर न पडता पुढे पडते. जाड फांदीला आधी खालून एक चतुर्थांश चीर, मग थोडं बाहेरून वरून काप. खालची चीर नसेल तर फांदी खोडाची साल सोलत खाली येते. लांब फांदी एकदम न कापता टोकाकडून तुकडे.

हा जोड नारळाच्या झावळ्यांना पुरेल ही अपेक्षा ठेवू नका. माणसाच्या उंचीसकट चार-साडेचार मीटर, बस.

गिअरग्रीस

कल्टिव्हेटरबद्दल थोडक्यात, कारण तासही तीन-चारच आहेत. काळ्या मातीत वाफसा असतानाच चालवा. ओल्या मातीत दातांना गोळा बसतो, कोरड्या ढेकळांत मशीन उड्या मारतं आणि तो प्रत्येक झटका सांध्यातल्या दात्यांवर येतो. मुरमावर तर नाहीच. हरळीच्या मुळ्या गुंडाळल्या की इंजिन बंद करून काढा.

आणि सगळ्या गिअरहेडना साधारण दर २५ तासांनी ग्रीस. बाजूचा स्क्रू काढून लिथियम ग्रीस भरायचं, पण ठासून नाही. पूर्ण भरलं तर गरम झाल्यावर ते सील फोडून बाहेर येतं, आणि एकदा सील गेलं की धूळ आत.

बॅटरीबाज

तिसऱ्या प्रश्नाकडे. बॅटरीचा हिशोब व्होल्ट बघून करू नका, वॉट-तास बघा. दोन १८ व्होल्टच्या, ५ अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या लावणारं मशीन म्हणजे १८ गुणिले ५ गुणिले २, १८० वॉट-तास. जाड गवतात मोटर सरासरी ६०० वॉट ओढत असेल तर १८ मिनिटं. हेजला भार निम्मा धरला तर ३६. तुमचे ६० तासांचे गवत बॅटरीवर काढायचे तर बॅटऱ्यांचा ढीग आणि सोसायटीत चार्जिंगसाठी प्लग मागत फिरणं आलं.

पण हेजला बॅटरीचा जोड विचारात घ्या. थांबलं की बंद, धूर नाही, सकाळी लवकर सुरू करता येतं. दोन जोड्या बॅटऱ्या आणि एक जलद चार्जर असेल तर दिवसाचा हेजचा दीड तास निघतो. बॅटरी उन्हात तापलेल्या टेम्पोत ठेवायची नाही, आणि कापून झाल्या झाल्या गरम बॅटरी चार्जरला लावायची नाही.

हिरवीभिंत

बॅटरीच्या बाजूने एक भर. थरथर. युरोपात आठ तासांच्या दिवसाला हाताच्या कंपनाची सावधानतेची पातळी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरतात. मशीनच्या माहितीपत्रकात हा आकडा प्रत्येक जोडासाठी वेगळा दिलेला असतो, तो बघा. ५ असेल तर एका माणसाने दिवसाला दोन तास. ७ असेल तर जेमतेम एक. म्हणून हेजवर एकच माणूस दिवसभर ठेवू नका, पाळी लावा. बोटांना मुंग्या येऊन ती पांढरी पडायला लागली तर ते दमणूक म्हणून सोडून द्यायचं लक्षण नाही.

तालुका_स्पेअर

डीलरकडे जाल तेव्हा हे करा. मशीन गार असताना चालू करायला सांगा, आधीच तापवून ठेवलेलं नको. तुम्हाला हवे ते सगळे जोड समोर लावून चालवून घ्या, एकावर भागवू नका. त्या इंजिनाला तो जोड कंपनीने मान्य केला आहे का ते माहितीपत्रकात बघा. लहान इंजिनांना काही जोड मान्य नसतात आणि लांबी वाढवायची नळी तर ठरावीक जोडांनाच चालते. मग काउंटरवर तीन भाग मागा: क्लचची स्प्रिंग, कार्बोरेटरचा पडदा, सांध्याची खिट्टी. तिन्ही फडताळातून निघाले तर दुकान खरं. 'मागवून देतो' म्हणाले तर दुसरं दुकान.

कुंपणकात्री

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: रोजच्या गवताला ३५ सीसी फोर-स्ट्रोक एकसंध दांड्याचा. जोडाचं इंजिन त्याच डीलरकडचं, कडीच्या हँडलचं, त्यावर वाकणाऱ्या डोक्याची हेज आणि फांद्यांची करवत. कल्टिव्हेटर आत्ता नाही, तीन तासांसाठी कुदळ बरी. बॅटरीची हेज दिवाळीनंतर.

शेवटचं एक. जोड टेम्पोत सुटे पडणार, पावसाळ्यात त्यांची उघडी टोकं गंजणार नाहीत का?

गिअरग्रीस

गंजतातच, आणि गंजलेलं टोक सांध्यात शिरलं की निघत नाही. बहुतेक जोडांसोबत रबराची टोपी येते, ती पहिल्याच आठवड्यात हरवते. जाड प्लास्टिकच्या पाइपचा वीतभर तुकडा घ्या, एका बाजूने बूच मारा आणि टोकावर चढवा. रॉडच्या दात्यांना बोटाने पुसट ग्रीस लावा, नळीच्या आत मात्र नको, नाहीतर खिट्टीचं भोक चिकट होऊन ती वर येत नाही. जोड टेम्पोत आडवे ठेवू नका, बाजूच्या पट्टीला कड्या लावून उभे टांगा, सांध्याचं टोक खाली, म्हणजे पाणी आत साचत नाही.